इंग्रजीत प्रतिपादनपर निबंध कसा लिहावा

इंग्रजी निबंध म्हटला की विद्यार्थ्याला, आणि पुष्कळदा शिक्षकालाही, प्रथम शब्दकोशाची आठवण होते. भारदस्त शब्द, दोन-चार सुभाषिते आणि पाठ केलेला आरंभ एवढी सामग्री जमली म्हणजे निबंध सिद्ध झाला, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. वर्णनपर निबंधात ही समजूत एखादे वेळी खपून जाते. परंतु ज्या निबंधात प्रश्नाचे पृथक्करण करून वाचकाला एक निर्णय पटवून द्यावयाचा असतो, त्यात तिचा निभाव लागत नाही. अशा निबंधाला येथे प्रतिपादनपर निबंध म्हटले आहे. त्याचे बळ विचाराच्या मांडणीत असते; भाषेने ती मांडणी स्वच्छ दाखवावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जातो. त्यामुळे प्राथमिक शिक्षकाचा या लेखनप्रकाराशी दुहेरी संबंध येतो. पुढील शिक्षणासाठी व परीक्षांसाठी त्याला स्वतःला असे लेखन करावे लागते, आणि त्याच्या हाताखालील मुलांनाही पुढे महाविद्यालयात व स्पर्धापरीक्षांत ते करावे लागणार असते. मुलांच्या या लेखनाचा पाया प्राथमिक वर्गातच घातला जातो, हे या पाठाच्या अखेरीस दिसून येईल.

१. या निबंधाचे स्वरूप

प्रतिपादनपर निबंधाची दोन अंगे आहेत. पहिले अंग पृथक्करणाचे. विषयाचे घटक वेगळे करून त्यांचा परस्परसंबंध दाखविणे, कारण कोणते व परिणाम कोणता हे निवडणे, हे त्याचे काम होय. दुसरे अंग पटवून देण्याचे. प्रथमतः सहमत नसलेला परंतु विचारी असा वाचक समोर आहे असे मानून, त्याला पायरीपायरीने निर्णयापर्यंत आणणे हे त्याचे काम होय. पृथक्करणावाचून केलेले आवाहन म्हणजे सभेतील घोषणा ठरते, आणि निर्णयावाचून केलेले पृथक्करण म्हणजे नुसती टिपणवही ठरते. दोन्ही अंगे एकत्र आली म्हणजेच निबंध उभा राहतो.

२. अभ्यासासाठी एक नमुना

अशा लेखनाचा उत्तम नमुना प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासातच उपलब्ध आहे. १८८२ साली लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्या आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्याहून एक इंग्रजी निवेदन सादर केले. फुले यांचे इंग्रजी शिक्षण पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले होते. निवेदनाखाली त्यांनी स्वतःचा निर्देश व्यापारी, शेतकरी व नगरपालिकेचे सभासद असा केला आहे. विद्यापीठाची कोणतीही पदवी त्यांच्यापाशी नव्हती. तरीही सरकारी आयोगाला उद्देशून लिहिलेले ते निवेदन आज सुमारे दीड शतकानंतरही वाचकाच्या मनाची पकड घेते.

हे लेखन निबंध म्हणून लिहिलेले नाही, हे खरे. तथापि चांगल्या प्रतिपादनाची सर्व लक्षणे त्यात आढळतात. आरंभीच फुले आपला अनुभव सांगतात व तो मुख्यतः पुणे आणि आसपासच्या गावांपुरता आहे, अशी मर्यादाही स्वतःच घालून घेतात. त्यानंतर मुख्य आक्षेप येतो : सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून उत्पन्न होतो, परंतु शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांनाच मिळतो. वरच्या वर्गाला शिकविले म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपत जाईल, असे त्या काळच्या राज्यकर्त्यांचे गृहीत होते. त्या गृहीताला फुले प्रत्यक्षाची कसोटी लावतात. वरच्या वर्गांनी शिकून आपल्या देशबांधवांना किती शिकविले, असा त्यांचा प्रश्न आहे. मग मागण्या येतात. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची मूलतत्त्वे, नीती आणि आरोग्य हे विषय शिकवावेत. शिक्षक प्रशिक्षित असावेत व त्यांना पुरेसे वेतन द्यावे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांना शाळेबाहेर ठेवले जाते, तेथे त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा काढाव्यात. शेवटी मुलींच्या प्राथमिक शिक्षणाचा अधिक प्रसार करावा, या विनंतीने निवेदन संपते.

अनुभव, आक्षेप, कसोटी आणि उपाय असा हा क्रम आहे. पुढील विभागांत याच नमुन्याच्या आधारे निबंधरचनेचा विचार केला आहे.

३. विषय, प्रश्न आणि मुख्य विधान

निबंधाचा विषय हा बहुधा एक शब्द किंवा एक पद असते : ‘ग्रामीण शिक्षण’, ‘महात्मा फुले यांचे निवेदन’. एवढ्यावर प्रतिपादन करता येत नाही. विषयाचे प्रथम प्रश्नात रूपांतर करावे लागते. ‘फुले यांचे निवेदन वाचकाला का पटते?’ हा प्रश्न झाला. त्या प्रश्नाचे एका वाक्यात दिलेले उत्तर म्हणजे मुख्य विधान. इंग्रजीत यालाच ‘थीसिस’ म्हणतात.

वरील प्रश्नाला मिळणारी तीन उत्तरे तपासून पाहावीत.

(अ) ‘महात्मा फुले हे थोर समाजसुधारक होते.’ हे विधान खरे आहे, पण ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नाही. शिवाय त्याविषयी वाद उपस्थित होत नाही. म्हणून पटवून देण्यासारखे त्यात काही उरत नाही.

(आ) ‘फुले यांचे निवेदन अत्यंत प्रभावी आहे.’ येथे प्रश्नच उलटून उत्तर म्हणून मांडला आहे. प्रभाव कशामुळे पडतो, हे कळत नाही.

(इ) ‘फुले यांचे निवेदन पटते, कारण ते सरकारच्याच महसुलाच्या आधारे सरकारचे कर्तव्य दाखविते आणि प्रत्येक तक्रारीबरोबर करता येण्याजोगा उपाय सुचविते.’ या विधानाशी एखादा वाचक असहमत होऊ शकतो. त्यात कारणे आहेत, आणि त्या कारणांतूनच निबंधाच्या दोन मुख्य परिच्छेदांचा आराखडा तयार होतो.

तिसऱ्या प्रकारचे विधान हाती येईपर्यंत इंग्रजीत एकही वाक्य लिहू नये. ते मराठीतच ठरवावे. जे मराठीत स्पष्ट झालेले नाही, ते इंग्रजीत स्पष्ट होत नाही. उलट परभाषेच्या पडद्याआड विचाराची उणीव लपून राहते. विधान ठरल्यानंतर मात्र त्याचे शब्दशः भाषांतर न करता इंग्रजीच्या वळणाने ते नव्याने बांधावे. उदाहरणार्थ : ‘द मेमोरियल पर्सुएड्स बिकॉज इट जॉइन्स एव्हरी कम्प्लेंट टू अ रेमेडी.’ या वाक्यात एकही दुर्बोध शब्द नाही, आणि तरीही त्यात निबंधाचा अर्धा भार पेलला गेला आहे.

मराठी निबंधात निर्णय शेवटी उलगडण्याची पद्धत पुष्कळांच्या अंगवळणी पडलेली असते. प्रस्तावना, विस्तार आणि मग ‘यावरून असे दिसते की’ असा तिचा क्रम असतो. इंग्रजी प्रतिपादनात मुख्य विधान सामान्यतः पहिल्याच परिच्छेदात देतात. वाचकाला कोठे जावयाचे आहे ते आरंभी कळले म्हणजे पुढील प्रत्येक पुरावा त्याला त्या दिशेने तोलता येतो.

४. परिच्छेदाची बांधणी

भारतीय न्यायशास्त्रात अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे धूर दिसतो, हा हेतू. जेथे धूर असतो तेथे अग्नी असतो, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. हा पर्वतही तसाच धूरयुक्त आहे, हा उपनय. म्हणून पर्वतावर अग्नी आहे, हे निगमन. इंग्रजी निबंधातील चांगला परिच्छेद या जुन्या आराखड्याच्या फार जवळचा असतो. परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात त्या परिच्छेदाचे विधान असते, मग कारण व पुरावा येतो, त्यानंतर तो पुरावा प्रस्तुत विधानाला कसा लागू पडतो याचे स्पष्टीकरण येते आणि शेवटी विधान दृढ होते.

विद्यार्थ्यांच्या लेखनात या पाचांपैकी जो अवयव बहुतेक वेळा गळतो, तो उपनय होय. विधान केले जाते, पुरावाही दिला जातो. पण त्या दोहोंना जोडणारे वाक्य लिहिण्याचे राहून जाते. लेखकाच्या मनात ते जोडलेले असतात, म्हणून उणीव त्याच्या लक्षात येत नाही. वाचक मात्र ‘बरे, मग काय?’ असे विचारून थांबतो.

पुढील परिच्छेद उदाहरणादाखल पाहावा.

‘फुले यांच्या निवेदनात प्रत्येक तक्रारीला उपायाची जोड आहे. शिक्षकांचे वेतन क्वचितच दहा रुपयांहून अधिक असते, असे सांगून ते थांबत नाहीत. निदान बारा रुपये आणि मोठ्या गावांत पंधरा किंवा वीस रुपये वेतन असावे, असे ते सुचवितात. वर्षातून एकदा होणारी शाळातपासणी निरुपयोगी ठरते, असे म्हणून ते निदान दर तिमाहीस तपासणी व्हावी अशी मागणी करतात. नुसत्या तक्रारीला सहानुभूतीचे उत्तर देऊन ती बाजूला ठेवता येते. आकडा मात्र अंदाजपत्रकात घालता येतो, आणि तो नाकारणाऱ्याला नकाराचे कारण द्यावे लागते. म्हणून फुले यांची मागणी ही केवळ गाऱ्हाणे राहत नाही. ती निर्णयासाठी मांडलेला प्रस्ताव ठरते.’

या परिच्छेदातील पाचवे व सहावे वाक्य काढून तो पुन्हा वाचावा. पुरावा तसाच राहतो, शेवटचे वाक्यही राहते. परंतु दोहोंमधील पूल नाहीसा होतो. ती दोन वाक्ये म्हणजेच पृथक्करण. परीक्षक ज्याला ‘अ‍ॅनालिसिस’ म्हणतात व ज्याच्या अभावी गुण कापतात, ते याच जागी असते.

एका परिच्छेदात एकच विधान असावे. नवे विधान सुचल्यास त्यासाठी नवा परिच्छेद करावा. मुख्य विधानाशी ज्याचा संबंध दाखविता येत नाही असा मजकूर कितीही मनोरंजक असला तरी गाळावा.

५. विरुद्ध पक्षाचा विचार

आपल्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडून मग त्याचे खंडन करण्याची पद्धत आहे. इंग्रजी प्रतिपादनातही विरुद्ध मताची दखल घेणे आवश्यक मानतात. विरुद्ध मत दुबळे करून मांडले तर विचारी वाचक लेखकावर विश्वास ठेवीत नाही. ते त्याच्या समर्थकाला मान्य होईल अशा स्वरूपात मांडून मग उत्तर दिले, तरच खंडनाला मोल येते.

फुले यांच्या निवेदनात याचे सुंदर उदाहरण आहे. प्राथमिक शिक्षणासाठी एवढा आग्रह धरणाऱ्या लेखकाने उच्च शिक्षणाची मदत बंद करा असे म्हटले असते, तर विरोधकांना आयतेच शस्त्र मिळाले असते. फुले तसे म्हणत नाहीत. देशाचे हित चिंतणारा कोणीही सरकारने उच्च शिक्षणाचे साहाय्य सध्या काढून घ्यावे असे इच्छिणार नाही, असे ते स्पष्ट करतात. उपेक्षित राहिलेल्या वर्गाच्या उन्नतीची सरकारने तितकीच काळजी वाहावी, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. एक मुद्दा मान्य केल्याने त्यांची मूळ मागणी दुबळी होत नाही. उलट ती अधिक न्याय्य दिसू लागते.

दुसरे उदाहरण नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे. १९११ च्या मार्च महिन्यात त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यामागे इंग्लंडचा १८७० चा आणि आयर्लंडचा १८९२ चा कायदा यांचा आधार होता. खर्च परवडणार नाही, लोक तयार नाहीत, सक्ती जाचक होईल, हे आक्षेप येणार हे त्यांस ठाऊक होते. म्हणून त्यांनी आपले विधान बेताचे ठेवले. सर्व देशात एकदम सक्ती करा, अशी मागणी त्यांनी केली नाही. ज्या क्षेत्रात ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील, तेथे स्थानिक संस्थेला सरकारच्या पूर्वपरवानगीने सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलांसाठी सक्ती करण्याची मुभा असावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. खर्चाचा भार सरकार व स्थानिक संस्था यांनी वाटून घ्यावा, आणि गरीब पालकांच्या मुलांना फी पडू नये, अशी त्यात तरतूद होती. प्रत्येक तरतूद एकेका आक्षेपाचे उत्तर होती.

यातून निबंधलेखकाने एक नियम घ्यावा : पुराव्याला जेवढे पेलते तेवढेच विधान करावे. ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ असे शब्द वापरले की एकच अपवाद सारे विधान पाडू शकतो. ‘पुष्कळ’, ‘बहुधा’, ‘अमुक परिस्थितीत’ अशी मर्यादा घातली की विधान टिकाऊ होते.

६. मराठी भाषिकाला इंग्रजीत येणाऱ्या अडचणी

विचार निश्चित झाल्यावर भाषेचा प्रश्न येतो. मराठी भाषिकाच्या इंग्रजीत काही चुका पुनःपुन्हा आढळतात, आणि त्यांचे मूळ मराठीच्या रचनेत असते. मूळ कळले म्हणजे त्या सुधारणे सोपे जाते.

(१) मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. त्यापूर्वी ‘करून’, ‘घेऊन’, ‘पाहता’ अशा रूपांची साखळी सहज जोडता येते. इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ क्रियापद यावे लागते. मराठीची साखळी तशीच उतरविली की इंग्रजी वाक्य लांबते व कर्ता हरवतो. अशा वाक्याची दोन किंवा तीन वाक्ये करावीत.

(२) मराठीत ‘जरी–तरी’, ‘जेव्हा–तेव्हा’, ‘ज्याअर्थी–त्याअर्थी’ अशा जोड्या असतात. त्यामुळे ‘ऑल्दो’ने आरंभ केलेल्या वाक्यात पुढे ‘बट’ येते, आणि ‘बिकॉज’च्या वाक्यात पुढे ‘सो’ येते. इंग्रजीत जोडीतील एकच शब्द पुरतो.

(३) मराठीत ‘ए’, ‘अ‍ॅन’, ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत. म्हणून ती गळतात किंवा नको तेथे येतात. प्रथम उल्लेखिलेल्या एका वस्तूला ‘ए’, वाचकाला ठाऊक झालेल्या त्याच वस्तूला ‘द’, हा प्राथमिक नियम ध्यानात ठेवून अखेरच्या वाचनात केवळ उपपदांसाठी एक फेरी करावी.

(४) ‘एखाद्या विषयावर चर्चा करणे’ या प्रयोगावरून ‘डिस्कस अबाऊट’ असे लिहिले जाते. ‘डिस्कस’पुढे विषयच थेट येतो. अशा नित्य लागणाऱ्या क्रियापदांची यादी त्यांच्या प्रयोगासह वहीत ठेवावी.

(५) ‘च’, ‘ही’, ‘मात्र’, ‘तर’ या अव्ययांनी मराठीत जोर देता येतो. इंग्रजीत तो पुष्कळदा शब्दाच्या स्थानाने द्यावा लागतो. महत्त्वाचा शब्द वाक्याच्या अखेरीस नेला की त्यावर आपोआप जोर येतो. त्यासाठी ‘व्हेरी’ व ‘रिअली’ यांची रास घालू नये.

(६) एखाद्या ग्रंथातील किंवा लेखातील प्रतिपादन सांगताना इंग्रजीत वर्तमानकाळ योजतात, आणि घडलेली घटना सांगताना भूतकाळ. ‘फुले आर्ग्यूज’ असे लिहावे, परंतु आयोग १८८२ साली ‘वॉज अपॉइंटेड’ असे लिहावे.

(७) ‘देअरफोर’, ‘हाऊएव्हर’, ‘फॉर एक्झाम्पल’ हे शब्द शोभेसाठी नसतात. पहिला निष्कर्ष दाखवितो, दुसरा विरोध, तिसरा उदाहरण. ज्या दोन वाक्यांत तो संबंध खरोखर नाही, त्यांच्यामध्ये हे शब्द घातल्याने संबंध निर्माण होत नाही.

७. लेखनाची तयारी व तपासणी

प्रथम विषयाचा प्रश्न करावा. प्रश्नाचे उत्तर व त्याची दोन-तीन कारणे मराठीत लिहावीत. प्रत्येक कारणापुढे पुरावा लिहावा. पुरावा नसेल ते कारण सोडून द्यावे. सर्वांत बळकट आक्षेप कोणता, त्याचीही नोंद करावी. मग प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य इंग्रजीत लिहावे. ही चार-पाच वाक्येच ओळीने वाचून पाहावीत. त्यांतून प्रतिपादनाचा धागा कळत असेल तर आराखडा ठीक आहे असे समजावे. कळत नसेल तर पुढे लिहू लागण्यापूर्वी क्रम बदलावा.

लिहून झालेला मसुदा निदान एक दिवस बाजूला ठेवून मग तीन वेळा तपासावा. पहिल्या वाचनात केवळ विचाराचा क्रम पाहावा. दुसऱ्यात पुरावा व स्पष्टीकरण यांची जोड पाहावी. तिसऱ्यात व्याकरण, उपपदे व शब्दलेखन पाहावे. तिन्ही कामे एकाच वाचनात करू गेल्यास शब्दांतील चुका तेवढ्या सापडतात आणि विचारातील चुका तशाच राहतात.

८. प्राथमिक वर्गात घालावयाचा पाया

लहान मुलांना इंग्रजी निबंध लिहावयास सांगणे इष्ट नाही. परंतु मत आणि कारण यांची जोडी त्यांस लवकर कळते. शाळेच्या आवारात कोणते झाड लावावे, असा प्रश्न तिसरी-चौथीच्या वर्गात विचारावा. कोणी आंबा म्हणेल, कोणी कडुनिंब. प्रत्येकाने मत सांगताच ‘का?’ असे विचारावे. कारण मराठीत नीट सांगता आल्यावर तेच छोट्या इंग्रजी वाक्यात बसवावे : ‘वुई शुड प्लांट अ नीम ट्री बिकॉज इट गिव्ज शेड.’ ‘बिकॉज’ हा शब्द मुलांच्या तोंडी रुळला की या लेखनाचे पहिले बीज पडले असे समजावे.

पाचवी-सहावीत पुराव्याची भर घालावी. कडुनिंबाची सावली दाट असते हे कशावरून? मुलांनी दुपारी गावातील दोन झाडांखालची सावली पावलांनी मोजून यावी. पुस्तकातून घेतलेल्या वाक्यापेक्षा स्वतः मोजलेले दहा पावलांचे अंतर अधिक बोलके असते. सातवी-आठवीत विरुद्ध पक्ष आणावा. आंब्याच्या बाजूच्या मुलाने फळांचा मुद्दा मांडावा. कडुनिंबाच्या बाजूच्या मुलाने तो प्रथम आपल्या शब्दांत न्यायाने पुन्हा सांगावा, आणि मग फळे धरेपर्यंत लागणारी वर्षे व फळांसाठी फिरकावलेल्या दगडांनी फुटणारी कौले यांचे उत्तर द्यावे. विरुद्ध बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे सांगता येणे, ही या वयात लागलेली सवय पुढे निबंधापुरतीच राहत नाही.

चुका दुरुस्त करताना एक पथ्य पाळावे. मुलाने योग्य कारण चुकीच्या इंग्रजीत सांगितले, तर आधी कारणाला दाद द्यावी व मग वाक्य सुधारावे. शुद्ध पण पोकळ वाक्याला पहिला मान दिला, तर मुले विचार सोडून पाठांतराकडे वळतात.

९. प्रतिपादनाचे फळ

उत्तम प्रतिपादनाला ताबडतोब यश येतेच असे नाही. हंटर आयोगाने १८८३ साली आपला अहवाल दिला. प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे सोपवावे, अशी शिफारस त्यात होती. सक्तीची मागणी मात्र फलद्रूप झाली नाही. गोखले यांचे विधेयक १९१२ च्या मार्चमध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी राज्याने दहा वर्षांच्या आत प्रयत्न करावा, असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, आणि २००९ चा त्यासंबंधीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. फुले यांच्या निवेदनापासून तोपर्यंत एकशे सत्तावीस वर्षे उलटून गेली होती.

या दीर्घ काळात अनेकांचे श्रम खर्ची पडले. कोणत्याही एका लेखाने हे घडविले असे म्हणता येणार नाही. तथापि नाकारलेली मागणी जेव्हा कारणे, आकडे व उपाय यांसह लिहून ठेवलेली असते, तेव्हा ती पुढील पिढीच्या हाती तयार स्थितीत येते. ज्या शाळेत शिक्षक आज हजेरी घेतो, त्या शाळेत प्रत्येक मुलाने येणे हा त्याचा हक्क आहे, ही गोष्ट कधीकाळी कोणाला तरी परभाषेत पटवून द्यावी लागली होती. इंग्रजीतील प्रतिपादनपर लेखन शिकणाऱ्याने व शिकविणाऱ्याने आपल्या कामाचे मोल या दृष्टीने जाणावे.

अभ्यास

१. ‘शाळेचे ग्रंथालय’ या विषयाचे तीन प्रश्न तयार करा. त्यांपैकी एकाचे उत्तर कारणांसह एका वाक्यात लिहा.

२. विभाग ४ मधील नमुना-परिच्छेद इंग्रजीत लिहा. कोणतेही वाक्य पंधरा-वीस शब्दांहून लांब होऊ देऊ नका.

३. त्याच परिच्छेदातील प्रतिज्ञा, हेतू, उपनय व निगमन कोणत्या वाक्यांत आहेत ते दाखवा.

४. ‘खेड्यातील सर्व पालक मुलींच्या शिक्षणाविषयी उदासीन असतात’ या विधानातील दोष सांगा व ते पुराव्याला पेलेल असे बदलून लिहा.

५. आपल्या शाळेच्या एखाद्या गरजेसंबंधी सुमारे तीनशे शब्दांचा इंग्रजी निबंध लिहा. त्यात निदान एक आकडा स्वतः मोजलेला असावा, आणि एका आक्षेपाचे उत्तर असावे.